ब्रेक दाबल्यावर लुकलुकणारे लाल दिवे: कायद्यात बसतात का, आणि उपयोग होतो का?

घाटउतार

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून शेवटी धागा काढला. हल्ली पुढच्या गाडीनं, त्यातही दुचाकीनं, ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा नुसता लागत नाही. आधी भराभर लपलपतो, मग जरा सावकाश लुकलुकतो आणि मग कुठे स्थिर होतो. यासाठी एक इवलंसं मॉड्यूल मिळतं. ब्रेक लाइटच्या वायरीत मधे जोडायचं, बस्स.

माझ्या मोटरसायकलला ते बसवावं असं मनात आहे. मागून कुणीतरी येऊन ठोकेल ही धास्ती मला कायम असते. पुढचं सांभाळता येतं, मागच्याचं काय करणार? पण चौकशी केली तर दोन टोकांची उत्तरं. एक म्हणतो, अहो महागड्या मोटारींना कंपनीच देते हे, त्यात बेकायदेशीर काय? दुसरा म्हणतो, पोलिसानं पाहिलं की पावती फाटलीच समज. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी मागच्या माणसाला याचा फायदा होतो का, की नुसता ताप?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (स्थिर असेल तर बरं.)

कडेकडेने

पहिल्याच पोस्टीत कोटी. धागा शंभरी गाठणार. जागा धरून बसतो.

रात्रपाळी

नका लावू. तुमच्या मागे मी असतो.

चाकोरीबाहेर

मी लावलंय आणि काढणार नाही.

मोटारवाल्यांना आमची अडचण कळत नाही. मोटरसायकलचा टेल लाइट रात्री आधीच चालू असतो. ब्रेक दाबला की त्याच काचेमागे, त्याच जागी, प्रकाश थोडा वाढतो. मागच्याला 'मघाशी मंद होता, आता जरा जास्त आहे' एवढ्या फरकावरून ओळखायचं असतं. त्यात आमच्या दिव्याची काच चिखलानं माखलेली आणि त्याच्या गाडीची पुढची काच पावसानं ओली. मोटारीला निदान डावीउजवीकडे एकेक आणि वर तिसरा असतो. आम्हाला मेला एकच. तो लपलपला की मागची मोटार अंतर राखायला लागते, हे मी रोज आरशात बघतो.

ज्यांना त्रास होतो त्यांनी इतकं चिकटून चालवू नये. सोपं आहे.

रात्रपाळी

चिकटून नसतो हो चालवत. रात्रीच्या कोंडीत रांग चार पावलं सरकते आणि थांबते. प्रत्येक थांबण्याला लपलप, लपलप, लपलप. घरी जाऊन डोळे मिटले तरी लाल ठिपके नाचत असतात. तुम्ही आरशात मागचा बघता, मागच्याला तुमच्याशिवाय दुसरं बघायला काही नसतं.

स्क्रूड्रायव्हर

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. घाटउतार यांना दोन टोकांची उत्तरं मिळाली ती त्यामुळेच.

कंपनीकडून येतो तो 'इमर्जन्सी स्टॉप सिग्नल'. वाहनावरचे दिवे कुठे, किती, कसे याबद्दल संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ४८ आहे, युरोपसह बरेच देश तो मानतात. त्यात या सिग्नलच्या अटी अगदी बारकाईनं दिल्यात. गाडीचा वेग ताशी ५० किमीच्या वर हवा. ब्रेक इतका जोरात लागलेला हवा की मोटारीचा वेग दर सेकंदाला निदान ६ मीटर प्रति सेकंदानं उतरतोय. ट्रक-बससाठी हाच आकडा ४. नाहीतर मग एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) पूर्ण जोरात काम करत असायला हवं. तेव्हाच दिवे लुकलुकतात, सगळे एकदम, सेकंदाला ३ ते ५ वेळा. वेग उतरण्याचा तो ६ किंवा ४ चा आकडा २.५ च्या खाली आला की सिग्नल बंद. सगळं आपोआप, चालकाच्या हातात काही नाही. शिवाय त्या नियमात ही सोय ऐच्छिक आहे; युरोपीय संघानं मात्र २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची केलीय.

आता ६ म्हणजे किती ते सांगतो. साठच्या वेगावरून गाडी तीन सेकंदांच्या आत उभी, साधारण २३ मीटरमध्ये. शेजारच्या सीटवरची पिशवी खाली जाते, आतलं सगळं पायाशी पसरतं, पट्टा छातीत रुततो आणि मागे बसलेले तुमच्या नावानं ओरडतात. रोजच्या चालवण्यात आपण याच्या निम्म्यानंही ब्रेक दाबत नाही. म्हणजे नीट चालवणाऱ्याच्या गाडीत ही सोय असूनही वर्षानुवर्षं ती एकदाही दिसणार नाही.

बाजारातल्या मॉड्यूलला यातलं काही कळत नाही. त्याला वेग माहीत नाही, ब्रेक किती दाबला ते माहीत नाही. त्याला एवढंच कळतं की १२ व्होल्ट आले. पायाचा अंगठा पेडलला टेकला तरी लपलप. पार्किंगमधून गाडी मागे घेताना लपलप. उभ्या गाडीत उगाच पाय ठेवून बसलात तरी सुरुवातीची लपलप झालीच.

अर्धावकील

कायद्याची बाजू मी घेतो. (पूर्ण वकील नाही, आयडीतच स्पष्ट केलंय.)

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ बघा. कंपनीनं दिलेलं मूळ रूप आणि नोंदणीतला तपशील यांच्याशी फारकत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम कडकपणेच वाचलंय. बल्बच्या वायरीत जोडलेलं बोटभर मॉड्यूल असा 'बदल' ठरतं का, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. फक्त ते भांडण रस्त्याच्या कडेला उभं राहून पोलिसाशी करायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

ब्रिटनमध्ये १९८९ ची दिव्यांची नियमावली आहे. तिथलं मूळ तत्त्वच असं की गाडीवरचा दिवा स्थिर हवा. इंडिकेटर, हॅझार्ड (सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते), आपत्कालीन वाहनांचे दिवे हे त्याला अपवाद. अपवादाच्या यादीत आपण नसलो की विषय संपला.

अमेरिका आणखी कडक. तिथलं वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०८ सांगतं की ब्रेक लाइट स्थिरच जळला पाहिजे, आणि जोरात ब्रेक लागला म्हणून सवलत नाही. मर्सिडीजला लुकलुकणाऱ्या ब्रेक लाइटसाठी खास अर्ज करून २००६ मध्ये मर्यादित गाड्यांपुरती तात्पुरती सूट घ्यावी लागली होती. पण एक गंमत आहे. गाडीतली सुरक्षेची सोय निकामी करू नका हा तिथला केंद्रीय कायदा उत्पादक, विक्रेता आणि दुरुस्ती करणाऱ्याला लागू होतो, खुद्द मालकाला नाही. मालकानं आपल्या हातानं वायर जोडली तर प्रश्न त्या त्या राज्याच्या कायद्याचा. म्हणजे तेच मॉड्यूल गॅरेजवाल्यानं बसवलं तर तो अडकला, मालकानं बसवलं तर 'बघू'.

तेव्हा घाटउतार, तुमची दोन्ही माणसं बरोबर आहेत. एक कंपनीच्या सोयीबद्दल बोलतोय, दुसरा बाजारातल्या.

कडेकडेने

अर्ध्या वकिलानं एवढं लिहिलं. पूर्ण असते तर फी लावली असती.

घाटउतार

स्क्रूड्रायव्हर, अर्धावकील, मनापासून आभार. पण एक कळलं नाही. युरोपात चालतं ते अमेरिकेत का चालू नये? तिथल्या माणसांचे डोळे काय वेगळे आहेत?

सातासमुद्रापार

डोळे तेच, इंडिकेटर वेगळे. इथे अमेरिकेत राहतो म्हणून सांगतो.

इथे मागचा इंडिकेटर लाल रंगाचा चालतो. बऱ्याच गाड्यांत तर ब्रेक आणि इंडिकेटर दोन्हींना बल्ब एकच. त्यामुळे लुकलुकणारा लाल दिवा दिसला की इथल्या माणसाच्या डोक्यात पहिला अर्थ येतो 'हा वळतोय'. आता समजा पुढच्या गाडीची उजवी बाजू मधल्या व्हॅनच्या आड गेलीय आणि तुम्हाला फक्त डावा दिवा दिसतोय. लाल, लुकलुकणारा. तो डावीकडे वळणार की जागच्या जागी थांबणार? दोन्हींत आपण करायच्या गोष्टी एकदम वेगळ्या.

युरोपच्या नियमांत मागचा इंडिकेटर पिवळाच लागतो, त्यामुळे लाल रंग लुकलुकायला मोकळा राहतो. शिवाय इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लागतो आणि तो स्टॉप सिग्नल सेकंदाला ३ ते ५ वेळा. फरक डोळ्याला लगेच कळतो.

किल्ली

इंडिकेटर लावून वळणारे लोक कुठे राहतात ते आधी सांगा. मला तिकडे घर घ्यायचंय.

जुनंखोड

उपयोगाबद्दल लिहितो. मागच्या काचेत जो तिसरा ब्रेक लाइट असतो, त्याची कथा या वादाला चपखल लागू पडते.

सत्तरच्या दशकात जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर मागच्या बाजूला मधोमध एक जादा दिवा बसवून पाहिला. १९७४ मध्ये निष्कर्ष छापले: मागून बसणाऱ्या धडका ६० टक्क्यांच्या आसपास घटल्या. एवढा आकडा बघून कोण गप्प बसेल? आणखी चाचण्या झाल्या आणि सप्टेंबर १९८५ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना तिसरा दिवा सक्तीचा झाला. पुढे सरकारी अभ्यासात दिसलं की १९८७ मध्ये मागून होणाऱ्या धडका ८.५ टक्के कमी झाल्या होत्या. काही वर्षांनी हा फायदा ४.३ टक्क्यांवर येऊन स्थिरावला.

आणि व्होएव्होड्स्कीचा तो मूळ दिवा कसा होता माहितीये? लुकलुकणारा! ब्रेक जितका जोरात, तितकी लुकलुक जास्त. सक्ती झाली ती मात्र साध्या, स्थिर दिव्याची.

माझं म्हणणं एवढंच की नवलाईचे नऊ दिवस असतात. चाकोरीबाहेर यांच्या मागची मोटार आज अंतर राखते, कारण रस्त्यावर असा दिवा शंभरात दोनचार गाड्यांना आहे. उद्या प्रत्येकाला झाला की तिकडे ढुंकूनही कुणी बघणार नाही.

शंकासुर

जुनंखोड, कथा आवडली, पण ६० आणि ४.३ शेजारी ठेवून 'बघा कसा आपटला' म्हणणं बरोबर नाही. टॅक्सीचा प्रयोग मूठभर गाड्यांचा, एका शहरातला. ४.३ हा देशभरातल्या मागून होणाऱ्या सगळ्या धडकांचा आकडा. त्यात उभ्या गाडीवर आदळलेले आले, ब्रेक लाइटशी संबंध नसलेलेही आले. दोन्हींचं मोजमापच वेगळं आहे. ८.५ वरून ४.३ हा उतार मात्र मान्य, तो एकाच मापानं मोजलेला आहे.

आणि ४.३ टक्के म्हणजे काही 'फुकट गेलं' नव्हे. एका स्वस्त दिव्यात दरवर्षी एवढ्या धडका टळत असतील तर मी आनंदानं घेईन.

जुनंखोड

मान्य. नाव सार्थ केलंत.

चाकोरीबाहेर

म्हणजे घटला तरी फायदा उरलाच ना? मग आमच्या लपलपीचाही उरेल की थोडा.

मर्सिडीजचाच दावा वाचा. त्यांनी लुकलुकत्या दिव्याच्या चाचण्या घेतल्या तर मागच्या चालकाचा पाय सरासरी ०.२ सेकंद आधी ब्रेकवर गेला. ताशी १०० किमी वेगाला म्हणजे साडेपाच मीटर. मोटारीच्या लांबीपेक्षा जास्त. जोरात ब्रेक लागला तरच लुकलुकायला हवं हे मला मान्य आहे, पण माझ्या मोटरसायकलला कंपनीनं ते दिलंच नाही. मग काय करू? हातावर हात ठेवून बसू?

स्क्रूड्रायव्हर

०.२ सेकंदाचा आकडा काढलात ते बरं झालं. जुन्या तारेच्या बल्बला ब्रेक दाबल्यावर पूर्ण उजळायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तार तापल्याशिवाय प्रकाश नाही. एलईडीला तो वेळ लागतच नाही. म्हणजे तुमचा दिवा अजून तारेचा असेल, तर स्थिर एलईडी दिव्यानंच तुम्ही जवळपास तेवढंच मिळवता, लपलप न करता.

उलट तारेच्या बल्बवर ते मॉड्यूल लावलंत तर मोठा विनोद होतो. मॉड्यूल भराभर चालूबंद करतं, पण तार तेवढ्यात ना नीट तापते ना नीट विझते. दिवा लपलपायच्या ऐवजी मलूल थरथरतो. म्हणून त्या नियम ४८ मध्येही तारेच्या बल्बसाठी सेकंदाला ४ च्या वर जायची मुभा नाही.

आणखी एक. दिवा लुकलुकतो म्हणजे निम्मा वेळ तो बंद असतो, हे लक्षात घ्या. सेकंदाला ४ वेळा म्हटलं तर प्रत्येक फेरीत सव्वाशे मिलिसेकंद ब्रेकचा दिवा नाही. कंपनीच्या सिग्नलला ते परवडतं, कारण तो क्वचित लागतो आणि लागतो तेव्हा नजर खेचणं हेच काम असतं. रोजच्या साध्या ब्रेकला पहिल्या क्षणाचा प्रकाश तोडून काय मिळवलं?

शंकासुर

स्क्रूड्रायव्हर, पण तारेच्या बल्बच्या होल्डरमध्ये बाजारातला एलईडी टाकणं हाही बदलच झाला ना? अर्धावकील, जागे आहात का?

अर्धावकील

जागा आहे. हो. त्या दिव्याच्या आतला आरसा आणि काच तारेच्या बल्बसाठी मोजूनमापून केलेली असते. एलईडीचा प्रकाश वेगळ्या जागेहून, वेगळ्या दिशेला पडतो. काही देशांत ठरावीक मॉडेलला ठरावीक एलईडी बल्बची अधिकृत मान्यता मिळते, बाकी सगळं 'करा आणि गप्प बसा' गटात. कंपनीचाच एलईडी टेल लॅम्प त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात येत असेल तर तो अख्खा बसवणं सगळ्यांत सुरक्षित.

किल्ली

आता थट्टा बाजूला ठेवून एक सांगते, कारण हा मुद्दा कुणीच काढला नाही.

मी वापरलेली स्कूटर घेतली होती. आधीच्या मालकानं हेच मॉड्यूल बसवलेलं. सुरुवातीला लपलपायचं, मलाही मजा वाटायची. एक दिवस मागून येणारी एक काकू सिग्नलला शेजारी थांबली आणि म्हणाली, "अगं, तुझा ब्रेक लाइट लागतच नाही." कधीपासून बंद होता, देव जाणे. आपला ब्रेक लाइट आपल्याला कधी दिसतो का? सीट उघडून बघितलं तर मॉड्यूलच्या आत पाणी गेलेलं, वायरीवर हिरवट बुरशी चढलेली, आणि जोड चिकटपट्टीचा, तोही सुटत आलेला. बल्ब ठणठणीत होता. मॉड्यूल मधे जोडलेलं असल्यामुळे ते मेलं आणि त्याच्यासोबत दिवाही मेला.

म्हणजे जास्त दिसावं म्हणून लावलेल्या वस्तूनं दिसणंच बंद केलं. चाकोरीबाहेर, तुम्ही रोज आरशात मागची मोटार बघता, तसं कधीतरी रात्री भिंतीकडे पाठ करून ब्रेक दाबूनही बघा.

स्क्रूड्रायव्हर

+१००. हा मुद्दा कायद्यापेक्षा मोठा आहे. सुरक्षेच्या वायरीत मधे काही जोडायचं तर ते बंद पडल्यावर वीज सरळ पुढे गेली पाहिजे. या मॉड्यूलमध्ये तशी व्यवस्था बहुधा नसते. मोटारीत आणखी एक भानगड: बल्ब गेला की डॅशबोर्डवर इशारा देणाऱ्या गाड्या वायरीतला करंट मोजतात. मधे मॉड्यूल आलं की करंट तुटक, आणि गाडी तक्रार करत राहते.

अवजड

ट्रकच्या केबिनमधून बोलतो. उंचावर बसल्यानं आम्हाला पुढच्या तीनचार गाड्यांचे दिवे एकदम दिसतात, ते आम्हाला फार उपयोगी. पुढून चौथ्यानं ब्रेक लावला की आम्ही पाय उचलतो. भरलेली गाडी मोटारीसारखी थांबत नाही, आणि हवेच्या ब्रेकला हवा पोचून पकड यायलाही क्षणभर लागतो. वर ट्रकला ४ चा आकडा सांगितलाय तो उगाच नाही. ट्रकसाठी ४ म्हणजेच जीव खाऊन दाबलेला ब्रेक.

आता त्या चार गाड्यांतल्या दोन लपलपत असतील तर आमची नजर तिकडेच खेचली जाते. त्या दोघांनी नुसता पाय टेकवलेला असतो, आणि खरा कचकन थांबलेला तिसराच असतो, साध्या दिव्याचा. माझी तक्रार डोळे दुखण्याची नाही. नजर चुकीच्या माणसाकडे जाते, ही आहे.

रात्रपाळी

अवजड भाऊ, मला जे सांगायचं होतं ते तुम्ही सांगितलंत. मी आपला ठिपक्यांत अडकलो होतो.

वाचनमात्र

लांडगा आला रे आला.

कडेकडेने

मी तिसऱ्या प्रतिसादापासून लांडग्याची वाट बघत होतो. उशीर केलात.

पायडल

सायकलवाल्यांचाही एक प्रतिसाद. आमच्यात हा वाद फार जुना. ब्रिटननं २००५ मध्ये सायकलचा लुकलुकणारा दिवा कायदेशीर केला, मिनिटाला ६० ते २४० वेळा. जर्मनीत सायकलचा मागचा लुकलुकता दिवा आजही चालत नाही. एकाच खंडात एवढं अंतर.

माझा अनुभव: दिवसा लुकलुकता उत्तम. रात्री मात्र मागच्याला 'सायकल आहे' हे कळतं, 'किती लांब आहे' ते कळत नाही. अंतराचा अंदाज यायला नजरेला एका जागी टिकणारा ठिपका लागतो. म्हणून रात्री मी एक स्थिर आणि एक लुकलुकता असे दोन लावतो.

चाकोरीबाहेर

हे आवडलं, पायडल. म्हणजे मूळ ब्रेक लाइट कंपनीचा तसाच स्थिर ठेवायचा आणि लुकलुकणारा वेगळा लावायचा. किल्लीताईंचा मुद्दाही त्यातच सुटतो, वेगळा दिवा मेला तरी मूळचा जिवंत.

अर्धावकील

वायरिंगचा प्रश्न सुटला, कायद्याचा नाही. गाडीवर जादा लाल लुकलुकता दिवा हा उलट आणखी ठळक दिसणारा बदल.

चाकोरीबाहेर

तुम्हाला पूर्ण वकील होऊ देता कामा नये.

शून्यधूर

अवांतर होईल, पण विद्युत गाड्यांमुळे हा प्रश्न आणखी गुंतलाय. आमच्यात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच गाडी ओढून धरते, ब्रेक पेडलला हात, म्हणजे पाय, लावायची गरजच नाही. मग ब्रेक लाइट लागायचा कधी? मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा १३-एच नियम आहे. त्यात ठरवलंय की पाय उचलल्यावर वेग सेकंदाला ०.७ मीटर प्रति सेकंदापर्यंतच उतरत असेल तर दिवा लावायचा नाही, १.३ च्या वर गेला तर लावलाच पाहिजे, मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी.

म्हणजे नव्या गाड्यांत ब्रेक लाइट आता पेडलशी बांधलेलाच नाही, वेग किती झपाट्यानं उतरतोय त्याच्याशी बांधलाय. बाजारातल्या मॉड्यूलची अशा गाडीत काय अवस्था होईल? रस्त्यावरून नुसतं पाय वरखाली करत चाललं तरी मागे रोषणाई.

कडेकडेने

फॉर्म्युला वनच्या गाडीला पण मागे लाल दिवा लुकलुकतो, तो ब्रेक लाइट असतो ना?

शून्यधूर

नाही. तो पावसात दिसण्यासाठीचा दिवा. आणि कोरड्यात लुकलुकला तर गाडी वीज साठवतेय, म्हणजे तिचा जोर कमी झालाय, हे मागच्याला कळवतो. ब्रेकशी थेट संबंध नाही. तुमच्या मागे ताशी ३०० नं येणारं कुणी असेल तर जरूर लावा.

किल्ली

बरं, मॉड्यूल नको तर मग काय करायचं ते कुणीतरी सांगा. नुसतं 'नको' म्हणून घाटउतार यांची धास्ती जाणार नाही.

मी करते ते असं. थांबायचंय हे आधी दिसलं की ब्रेकचा लिव्हर हलकेच दोनदा दाबते, एवढाच की दिवा लागावा, स्कूटर फारशी हळू होऊ नये. मग खरा ब्रेक. मागच्याला दोन इशारे आधी मिळतात. लुकलुक झालीच, आणि कलम-बिलम काही नाही.

अवजड

उत्तम सवय. फक्त अचानक थांबायची वेळ आली तर हे करत बसू नका, तेव्हा एकदाच आणि पूर्ण. आणि हायवेवर पुढे सगळं ठप्प झालेलं दिसलं, तर वेग कमी करतानाच हॅझार्ड लावावेत, मागे कुणीतरी येऊन उभं राहीपर्यंत ठेवावेत. काही मोटारी हे स्वतःच करतात.

स्क्रूड्रायव्हर

बरोबर. मर्सिडीजमध्ये ७० च्या वरून कचकन ब्रेक लावून पूर्ण थांबलात तर हॅझार्ड आपोआप लागतात. व्होल्वोत वेग १० च्या खाली आला की लागतात. लुकलुकणारा लाल फक्त वेग उतरतानाच्या काही क्षणांसाठी, त्यानंतर 'मी इथे उभा आहे' हे सांगायचं काम पिवळ्याचं.

फक्त हॅझार्ड चालू ठेवून पावसात तासन् तास चालवणाऱ्यांनी हे वाचून खूश होऊ नये. दोन्ही बाजू लुकलुकत असताना तुम्ही लेन बदलणार हे कुणाला कळणार?

रात्रपाळी

यावर वेगळा धागा काढा. मी तिथे मोठा प्रतिसाद देईन.

घाटउतार

एवढं सगळं होईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

मॉड्यूल बसवत नाही. पावतीची भीती आहेच, पण अवजड यांचा मुद्दा डोक्यात बसला. मी साधा पाय टेकवलाय आणि कुणा ट्रकवाल्याची नजर माझ्याकडे अडकलीय, तेवढ्यात पलीकडचा जोरात थांबतोय, हे नको. माझ्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीचा एलईडी टेल लॅम्प येतो, कपलर (वायरी जोडायचा खटका) तोच आहे असं मेकॅनिक म्हणतोय. तो बसवणार. तोवर किल्लीताईंची दोनदा लिव्हरची पद्धत.

चाकोरीबाहेर, तुमचं काय?

चाकोरीबाहेर

मी अजून काढलेलं नाही. पण काल सीट उघडून जोड तपासला, एवढं सांगतो.

किल्ली

हिरवं होतं का?

चाकोरीबाहेर

पुढचा प्रश्न.

वाचनमात्र

धागा वाचून एक शंका. माझ्या मोटारीत ही कंपनीची इमर्जन्सी सोय आहे की नाही हे कसं कळेल? विकणाऱ्याला विचारलं तर त्याला ब्रेक लाइट आहे एवढंच माहीत.

स्क्रूड्रायव्हर

गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा. ब्रेकच्या प्रकरणात नाहीतर बाहेरच्या दिव्यांच्या प्रकरणात 'इमर्जन्सी स्टॉप सिग्नल' किंवा तशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल. नसेल तर सोयही नाही असं समजा. कृपा करून रस्त्यावर करून बघू नका.

वाचनमात्र

रिकाम्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना एकदा करून बघितलं तर?

अवजड

मागे कुणी नसेल तर लुकलुकलं की नाही ते सांगणार कोण?